उन्हात छत्री आणि टीव्हीवर राखेचा अंदाज: पोरांसाठी कागोशिमा

परवा भाचा शाळेतून आला, चौथीत आहे, आणि दप्तर टाकायच्या आधीच म्हणाला, मावशी, जपानमध्ये मुलं चालत शाळेत जातात तरी डोक्यावर हेल्मेट घालतात, खरंय का? आता हे याने कुठे ऐकलं देव जाणे, पण अर्धं खरं आहे. सगळ्या जपानमध्ये नाही, एका ठिकाणी. त्या भागाचं नाव कागोशिमा, आणि एकदा हेल्मेटपासून सुरुवात केली की मग मुळा, रताळं, पिवळ्या पिशव्या असं करत करत गाडी पार आपल्या गोव्यापर्यंत जाते, मध्ये थांबताच येत नाही. रात्री जेवताना त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, तुमच्या घरात असा एखादा प्रश्न विचारून डोकं खाणारा प्राणी असेल तर वाचून दाखवा.

आधी नकाशा. जपानची चार मोठी बेटं, त्यातलं सगळ्यात खालचं क्यूशू, आणि क्यूशूचं दक्षिण टोक म्हणजे कागोशिमा. तिथे कागोशिमा नावाचंच शहर आहे, सहा लाखांच्या आसपास वस्ती, ट्राम, दुकानं, शाळा, सगळं नेहमीसारखं. फक्त समोर खाडी आहे आणि खाडीच्या पलीकडे, जेमतेम ४ किलोमीटरवर, एक जिवंत ज्वालामुखी बसलाय. साकुराजिमा त्याचं नाव. उंची १,११७ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाहून थोडा बुटकाच, पण हा थेट समुद्रातून वर आलेला असल्यामुळे दिसायला एकदम धिप्पाड.

आणि हा झोपलेला वगैरे नाही हां. १९५५ पासून याचं फुस्स-धडाम चालूच आहे, मध्ये मध्ये थोडी विश्रांती घेतो एवढंच. २०११ मध्ये याचे ९९६ स्फोट मोजले गेले, म्हणजे दिवसाला जवळपास पावणेतीन. लोक काय करतात? वर बघतात, वारा कुठून येतोय ते पाहतात, आणि कपडे वाळत घातले असतील तर आत घेतात. झालं.

आता इथे भाच्याचा पहिला प्रश्न आला की ज्वालामुखी फुटतो म्हणजे लाल लाल रस वाहतो ना, मग राख कुठून येते? चांगला प्रश्न आहे, मोठ्यांनाही नीट सांगता येत नाही. मी त्याला ओट्याजवळ नेलं. पातळ आमटी उकळते तेव्हा काय होतं, बुडबुडे सरसर वर येतात, फुटतात, वाफ निघून जाते, भांड्याबाहेर फारसं काही उडत नाही. पण पिठलं? ते घट्ट झालं की बुडबुड्याला वर यायला जागाच मिळत नाही, तो आत अडकून फुगतो, फुगतो, आणि मग फट्ट करून फुटतो आणि हातावर चटका. जमिनीखालचा वितळलेला दगडही असाच दोन तऱ्हांचा असतो. त्यात सिलिका नावाचा पदार्थ असतो, काच ज्याची बनते तो, तो जितका जास्त तितका रस घट्ट. साकुराजिमाच्या पोटात पिठलं आहे. त्यात वाफ आणि वायू अडकून बसतात आणि फुटतात तेव्हा त्या घट्ट रसाच्या अक्षरशः चिंधड्या होतात, बारीक बारीक, पिठासारख्या. त्या चिंधड्या हवेत जाऊन गार होतात, ती राख.

म्हणजे ही राख चुलीतली राख नाहीच मुळी. चुलीतली राख मऊ असते, भांडी घासायला चालते. ही म्हणजे दगडाचा आणि काचेचा चुरा. भिंगातून पाहिली तर कण टोकदार दिसतात. पाण्यात विरघळत नाही, उलट भिजली की सिमेंटसारखी जड होऊन बसते.

(आपल्याकडे आमटीवाला प्रकार झाला होता बरं का. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ रस बाहेर येऊन पसरत गेला, एकावर एक थर. सह्याद्रीचे कडे दुरून पाहिले की आडव्या पट्ट्या दिसतात ना, पावसाळ्यात तर मस्तच दिसतात, ते तेच थर. वेरूळचं कैलास लेणं त्याच दगडात वरून खाली कोरलंय. आपला डोंगर शांतपणे वाहिला म्हणून आपल्याला काळा कातळ मिळाला, त्यांचा अजून फटफटतोय म्हणून त्यांना राख.)

तर आता विचार करा की तुमच्या शहरावर अधूनमधून आकाशातून काचेचं पीठ पडतं. काय काय बदलेल?

पहिलं म्हणजे टीव्हीवर हवामान सांगताना पाऊस, तापमान झालं की साकुराजिमाच्या वर वारा कुठल्या दिशेला वाहतोय ते सांगतात. तिथल्या बायका-पुरुष ते बघून ठरवतात की कपडे आज बाहेर घालायचे की नाही. जपानच्या हवामान खात्याचा राखेचा वेगळा अंदाजच असतो, किती पडेल, कुठे पडेल. उन्हाळ्यात वारा बहुतेक वेळा पूर्वेकडून येतो आणि राख शहरावर, हिवाळ्यात उलटा वाहतो आणि राख पलीकडच्या ओसुमी नावाच्या भागावर. म्हणजे दोन्ही बाजूच्या लोकांची सहा-सहा महिन्यांची वाटणी आहे म्हणा ना, आमच्या बिल्डिंगमधल्या पाण्याच्या पाळीसारखी.

दुसरं, लख्ख ऊन असतं आणि लोक छत्री उघडून चाललेले असतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांचे तर हाल विचारू नका. गाडीवर राख बसली की फडक्याने पुसायची नाही, वायपरही तसाच चालवायचा नाही, काचेवर काच घासली तर ओरखडेच पडणार, आधी पाणी ओतून वाहू द्यायची.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली, पिवळ्या पिशव्या. अंगणातली, गच्चीतली राख झाडून ती भरायला नगरपालिका घरोघरी जाड पिवळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या फुकट देते. भरायची, तोंड बांधायचं, ठरलेल्या जागी नेऊन ठेवायची, गाडी येऊन उचलते. पिशवी भरायची पण गच्च नाही, कारण राख दिसायला हलकी आणि उचलायला गेलं की कंबरडं मोडेल इतकी जड. आधी त्या पिशवीवर जे नाव होतं त्याचा अर्थ साधा, ‘पडणाऱ्या राखेची पिशवी’. १९९१ मध्ये त्यातलं एक अक्षर बदललं आणि नवीन नाव झालं ‘राखेवर मात करणारी पिशवी’. उच्चार जवळपास तोच, कोऽहाय चं कोकुहाय, पण अर्थ बघा कुठून कुठे गेला. कचऱ्याच्या पिशवीला एवढं वीरश्रीचं नाव देणारी नगरपालिका मी तरी दुसरी पाहिली नाही.

आणि भाषेची गंमत तर वेगळीच. जपानीत राखेला ‘हाय’ म्हणतात, आणि ‘हो’ ला पण ‘हाय’च म्हणतात. म्हणून तिथल्या एका गावाने राख डब्यात भरून पर्यटकांना विकायला काढली आणि डब्यावर लिहिलं ‘हाय! दोझो!!’, म्हणजे ‘हो, घ्या ना!’ पण आणि ‘राख, घ्या ना!’ पण. कागोशिमाच्या बोलीत मात्र ‘हाय’ चं होतं ‘हे’. आता नेहमीच्या जपानीत ‘हे’ म्हणजे काय माहितीये? पाद. म्हणजे कागोशिमाची आजी म्हणाली की आज खूप ‘हे’ पडतेय, तर तोक्योच्या नातवाला काय ऐकू येत असेल. इथे भाच्याच्या तोंडातला घास बाहेर आला, पुढची पाच मिनिटं जेवण बंद.

तर हेल्मेट. ज्वालामुखीच्या पायथ्याशी, म्हणजे अगदी साकुराजिमावरच, काही हजार लोक राहतात. राखेबरोबर कधीकधी दगडही उडतात म्हणून तिथली शाळेत जाणारी मुलं पिवळं हेल्मेट घालून चालत जातात. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी बस स्टॉपसारखी जाड काँक्रीटची खोपटी बांधून ठेवलीयेत, दगड पडायला लागले की त्यात शिरायचं. थडग्यांवर सुद्धा छपरं केलेली आहेत, लाकडाची, पत्र्याची, नाहीतर पूर्वजांना रोज अंघोळ घालावी लागेल. धोक्याची पातळी १ ते ५ अशी मोजतात, एरवी बहुतेक वेळा ३ असते आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. २४ जुलै २०२२ ला रात्री पहिल्यांदाच ५ जाहीर झाली, जवळच्या वस्तीतल्या ५० च्या आसपास लोकांना हलवलं, आणि तीन दिवसांनी परत ३.

‘साकुराजिमा’ मधलं ‘जिमा’ म्हणजे बेट. पण ते आता बेट नाहीये! १९१४ पर्यंत होतं. त्या वर्षी जानेवारीत काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण यातला दगड मला फार आवडतो, सांगते कुठला.

आधी दोन दिवस सारखी जमीन हलत होती. विहिरींचं पाणी बदललं, कुठे किनाऱ्यावर गरम पाणी उसळायला लागलं. म्हाताऱ्या माणसांना काय ते कळलं, बरेच लोक आपल्या आपण होड्यांत बसून निघून गेले. पण एका गावच्या प्रमुखाने रीतसर वेधशाळेत विचारलं की बाबांनो, हा डोंगर फुटणार आहे का? वेधशाळा म्हणाली, नाही, काही होणार नाही. तेव्हा त्यांच्याकडे यंत्रंच ती काय, त्यांनाही दोष देऊन उपयोग नाही. गावप्रमुखाने विश्वास ठेवला, लोकांना थांबा म्हणाला. १२ जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास डोंगर दोन बाजूंनी फुटला. उरलेल्यांनी थंडगार समुद्रात उड्या मारल्या, काही बुडाले. संध्याकाळी वर भूकंप. सगळे मिळून ५८ लोक गेले किंवा सापडलेच नाहीत. लाव्हा एवढा आला की बेट आणि पलीकडची जमीन यांच्यामधली सुमारे ४०० मीटर रुंद आणि ७० मीटरहून खोल सामुद्रधुनी भरून गेली आणि बेट जमिनीला चिकटलं. आज तिथे रस्ता आहे, गाडीने जाता येतं. कुरोकामी नावाच्या वस्तीत देवळापुढची दगडी कमान होती, ३ मीटर उंच, ती एका दिवसात राखेत आणि दगडांत गाडली गेली, वरचा मीटरभरच भाग दिसतो. गावाने ती खणून काढली नाही, पुढच्यांना कळावं म्हणून मुद्दाम तशीच ठेवली. तिच्याजवळ उभं राहिलं तर कमानीचा वरचा दगड तुमच्या कमरेशी येतो, म्हणजे आपण देवळाच्या डोक्यावर उभे आहोत.

आणि तो दगड. दहा वर्षांनी, १९२४ मध्ये, त्या गावाने एक शिलालेख उभारला आणि त्यावर कोरलं की रहिवाशांनी सिद्धांतांवर विसंबू नये, काही वेगळं जाणवलं की आधी निघावं. सरळ सरळ वेधशाळेला टोला! आणि हा दगड कुठे असावा? शाळेच्या आवारात. साकुराजिमावर दरवर्षी सगळ्यांचा बाहेर पडायचा सराव होतो. आता मात्र क्योतो विद्यापीठाचे शास्त्रज्ञ डोंगरात बोगदे खणून त्यात यंत्रं लावून बसलेत, डोंगर केसभर जरी फुगला तरी कळतं, कारण खालून रस भरायला लागला की जमीन फुगते, पोळी फुगते तशी, फक्त इतकी हळू की डोळ्याला दिसत नाही. १९१४ ला रस बाहेर पडल्यावर खाली बसलेली जमीन गेल्या शंभर वर्षांत हळूहळू जवळजवळ पहिल्या जागेवर परत आलीये. म्हणजे डोंगर परत तसाच मोठा फुटू शकतो, हे तिथल्या पोरांनाही पाठ आहे, म्हणूनच सराव.

अजून एक मोठी गोष्ट, नकाशात डोळ्यासमोर असून दिसत नाही ती. साकुराजिमा ज्या खाडीत बसलाय ना, त्या खाडीचा वरचा गोल भाग म्हणजे स्वतःच एक अवाढव्य विवर आहे, २० किलोमीटर रुंद. साधारण ३०,००० वर्षांपूर्वी तिथे इतका प्रचंड स्फोट झाला की वरची जमीन आत कोसळली आणि पुढे त्यात समुद्र भरला. साकुराजिमा त्या विवराच्या कडेवर उगवलेलं पिल्लू. आणि त्या जुन्या स्फोटाची पांढरट राख कागोशिमाच्या जवळपास अर्ध्या भागावर पसरलीये, तिला शिरासु म्हणतात, काही ठिकाणी थर दहा-दहा मजली. तिचे ठोकळे करून शहरातल्या ट्रामच्या रुळांमध्ये बसवलेत आणि त्यावर हिरवळ लावलीये, ट्राम गवतावरून धावते. त्या गवताला पाणी घालायला परत वेगळी ट्राम. लाड आहेत.

पण शेतकऱ्याला शिरासु म्हणजे डोकेदुखी. पाणी टाकलं की चाळणीतून जावं तसं खाली. भाताला पाणी साचून लागतं, इथे ते थांबतच नाही. आणि जुन्या काळी जपानात सगळा हिशोब तांदळात, कर सुद्धा तांदळात. मग खायचं काय? उत्तर आलं समुद्रातून, रताळं.

रताळं मूळचं अमेरिकेतलं. स्पॅनिश लोकांनी ते फिलिपिन्सला नेलं, तिथून चीनमध्ये, चीनमधून १६०५ मध्ये र्यूक्यूला म्हणजे आजच्या ओकिनावाला, आणि १७०५ मध्ये मायेदा रिएमोन नावाच्या एका माणसाने र्यूक्यूहून कागोशिमात आणलं. कोरडी, भुसभुशीत जमीन रताळ्याला फार मानवली. १७३२ च्या मोठ्या दुष्काळात रताळं लावणारे भाग तगले, मग सगळ्या जपानला त्याची किंमत कळली. रिएमोनचं तिथे देऊळ आहे, म्हणजे रताळेबुवाच की.

आता नावांची गंमत बघा. चीनमध्ये त्याला म्हणतात ‘परदेशी कंद’. कागोशिमात म्हणतात ‘कारा-इमो’, म्हणजे चिनी कंद. आणि बाकी जपानमध्ये म्हणतात ‘सात्सुमा-इमो’, सात्सुमा हे कागोशिमाकडचं जुनं नाव. म्हणजे ज्याने त्याने शेजाऱ्याचं नाव चिकटवलं, आपलं म्हणायला कुणी तयार नाही. आपण काय कमी आहोत? आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज ‘बटाटा’ वरून आला, आणि तो शब्द मुळात रताळ्याचा होता! आपण रताळ्याचं नाव बटाट्याला देऊन टाकलं आणि एकादशीला दोन्ही एकाच ताटात घेऊन बसलो.

मुळा राहिलाच. साकुराजिमाचा मुळा गोल असतो, भोपळ्यासारखा, साधारण सहा किलोचा, नीट वाढवला तर त्याच्या कितीतरी पट. २००३ मध्ये एक ३१.१ किलोचा निघाला, घेर ११९ सेंटिमीटर, तेव्हाचा जगातला सगळ्यात जड मुळा. भाच्याचं वजन २९ आहे. कारण परत तेच, राखेची सैल जमीन, मुळाला आत पसरायला कुणी अडवत नाही, आणि त्याच डोंगरावर जगातलं सगळ्यात लहान म्हणून ओळखलं जाणारं संत्रं, लिंबाएवढं. एकाच मातीत सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान, त्याला काय म्हणावं.

आणि गोवा. १५४० च्या दशकात कागोशिमाकडचा अंजिरो नावाचा एक माणूस, नाव ऐकून अंजीर आठवलं ना, हातून खून झाला म्हणून पोर्तुगीज जहाजावर चढून पळाला. मलाक्कात, म्हणजे आजच्या मलेशियात, त्याची गाठ पडली फ्रान्सिस झेवियर या धर्मगुरूशी. तिथून अंजिरो गोव्याला आला, १५४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला, सेंट पॉल कॉलेजात पोर्तुगीज शिकला. झेवियरने त्याला खोदून खोदून विचारलं असणार तुमच्याकडे कसं असतं, काय असतं, आणि मग दोघं निघाले. १५ ऑगस्ट १५४९ ला जहाज लागलं ते थेट अंजिरोच्या गावी, कागोशिमात. जपानमध्ये ख्रिस्ती धर्म असा पोचला, आणि वाट दाखवायला गोव्यात शिकलेला कागोशिमाचा माणूस. ओल्ड गोव्याच्या बाँ जेझूस चर्चमध्ये चांदीच्या पेटीत ठेवलेत ते याच झेवियरचे अवशेष. २०२४-२५ च्या दर्शनाला गेला असाल तर तुम्ही कागोशिमा पाहिलेल्या माणसाच्या रांगेत उभे होतात.

भाच्याला यातलं काय लक्षात राहिलं? पाद, आणि फेरीबोट. शहरातून साकुराजिमाला बोट जाते, पलीकडे पोचायला १५ मिनिटं. बोटीवर उदोनचं छोटं दुकान आहे, जाड शेवयांचा गरमागरम रस्सा, आणि प्रवास इतका छोटा की बोट सुटली की लोक आधी दुकानाकडे पळतात आणि फुर्रफुर्र करत संपवतात. तो म्हणाला, डेकवर खात बसलं आणि डोंगर तेव्हाच फुटला तर? मी म्हटलं वारा बघायचा. आपल्याकडे येत असेल तर वाटीवर हात धरून आत पळायचं.